अंगठा वर जातो

—हो हो, करतो ना सही, पळून चाललोय का मी? बस आधी. तो पट्टा ठेव तिकडे, पिस्तुलाचं म्यान त्याच्यावर, हेल्मेट खाली — हां. तुझी घरची, त्रोयानची गाडी दोनला सुटते, आत्ता कुठे साडेअकरा होतायत. बावीस वर्षं या शस्त्रागाराच्या खिडकीत बसलोय, पण सामान परत घेताना मी घाई करत नाही. घाई केली की एक हूक कमी भरतो आणि कॅप्टन दिमोव्ह माझा जीव खातो. बानित्सा घे. घे गं! योर्दांकानं भाजलीय, आत चीज नुसतं ठासून भरलंय. खायला नको म्हणणाऱ्या माणसावर माझी बायको विश्वासच ठेवत नाही.

तर रादोस्तिना कोलारोवा. बघू काय लिहिलंय — ‘पिस्तूल हाताळण्यास अपात्र, घरी पाठवावे.’ वा! अपात्र म्हणे! डोळ्यांना पट्टी बांधून जिनं जुनं पिस्तूल सत्तावीस सेकंदांत खोलून परत जोडलं, ती अपात्र? घड्याळ माझ्याच हातात होतं की. काल परीक्षेत नवं पिस्तूल पाचदा म्यानातून काढायचं होतं, पाचदा झाडायचं होतं, वीस सेकंदांत. तुझे तीनच बार झाले. अंगठा ना? हा असा वर गेला ना? मला विचार, मी मागेच उभा होतो. पिस्तूल काढलंस — झकास. हात सरळ — झकास. आणि निघाला अंगठा वर, सेफ्टीची कळ खाली ओढायला. कळ कुठाय? नव्या पिस्तुलाला बाहेर कळच नाही! जे काय आहे ते चापात, बोट लावलं की झालं. आणि अंगठा बिचारा चाचपडतोय, वीज गेल्यावर आपण भिंतीवर बटण चाचपडतो ना, तसा. दर वेळी! अगं, रडतेस काय? हे घे, पूस डोळे — थांब थांब, ते तेलाचं फडकं आहे! हे घे.

एकटीचा नाही गेला. त्या अंगेलोव्हचा गेला, धिप्पाड पेन्काचा गेला, अख्ख्या तुकडीचा गेला. ते काठावर सुटले, तू अडकलीस. का माहितीय? तीन आठवडे जुन्या पिस्तुलावर घोटून घेतलं तुमच्याकडून. ‘अंगठा आधी, बोट नंतर!’ — कोण ओरडत होतं मैदानात? मीच. बाकीच्यांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. तू मन लावून शिकलीस. म्हणून नापास झालीस.

आता नवी आलीच नव्हती, तर मी तरी काय करणार? कॅप्टनलाही तेच सांगितलं मी, वरून यायचीत अजून — तिकडे काय बघतेस? रिकामी खोकी आहेत ती. शिक्का? कसला शिक्का... हं. चार तारीख. डोळे तीक्ष्ण आहेत हो तुझे, आणि म्हणे अपात्र!

बरं, चारला आली. उघडली पंचवीसला, परीक्षेच्या आदल्या दिवशी. झालं समाधान? जूनमध्ये आम्हा शिकवणाऱ्यांना सोफियाला बोलावलं होतं, नवं हातात द्यायला. माझा अंगठा दोन दिवस वरच जात होता. तिथला एक कोवळा लेफ्टनंट सगळ्यांदेखत म्हणतो, ‘आजोबा, कळ घरी विसरलात का?’ काय हसले लेकाचे! मीही हसलो. मग इथे तुमच्यापुढे तसंच झालं असतं तर? बावीस वर्षांत या मैदानात मला कुणी हसलं नाहीये. म्हणून नाही उघडली खोकी. लाज वाटली, पोरी. माझी लाज राहिली आणि तुझी नोकरी गेली... हे काही मी सांगणार नव्हतो. सही करून तुला मोकळी करणार होतो, बानित्सा देऊन.

आण तो कागद. नाही, सही नाही — मागची बाजू. ‘पिस्तुलं चार तारखेला आली. मी उघडली नाहीत. तुकडीला चुकीचा सराव दिला. कोलारोवाची परीक्षा पुन्हा घ्यावी. — सार्जंट मेतोदी ग्रोझेव्ह.’ वाचता येतंय ना? माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माझं काय करतील? देतील पाठवून भटारखान्यात, कांदे सोलायला. तिथे अंगठा कुठेही जाऊ दे!

उचल पट्टा. म्यान घे. हेल्मेट मी आणून देऊ का? कॅप्टन आत्ता कॉफी घेतोय, हीच वेळ आहे, कागद त्याच्या हातात दे. आणि ऐक — घरून निघालीस तेव्हा आईनं उंबऱ्यावर पाणी ओतलं असेल ना, सगळं पाण्यासारखं सुरळीत वाहावं म्हणून? मग इथेही ओततो. हे घे मगभर पाणी, दारात. ओलांड. मागे नाही बघायचं, कोलारोवा! अंगठा खाली! चल, नीघ.