बिनछपराच्या खोलीचं कुलूप

मनिष : म्हणूनच विचारतोय, निलमताई, तो अर्ज मागे घेता येईल का? आत्या इकडंच यायला निघालीय. कामावर जाताना गाडीवर सोडतो म्हटलं तर नको म्हणाली, चालत येतेय. तेवढाच वेळ आहे आपल्याकडे.

निलम : मागे कसा घेणार, मनिषदादा? एप्रिलात घरपट्टीच्या हरकतींचं शिबिर लावलं होतं, तेव्हा याच टेबलाशी बसून तुमचा अर्ज मी भरला. मागची खोली पडीक, छप्पर नाही, कोणी राहत नाही. पाहणी झाली, मासिक सभेत मंजूर झालं. एकशे बारा-अ नंबरचं घर आता वेवजी ग्रामपंचायतीच्या यादीत नाही, म्हणजे त्याची पट्टीही नाही. तुम्हाला तेच हवं होतं ना? खूश होऊन फरसाणचा पुडा ठेवून गेला होतात.

मनिष : हवं होतं. तेव्हा.

निलम : आणि आता आत्या कशाला येतायत?

मनिष : पावती मागायला. त्या खोलीची पट्टी दर वर्षी तिच्या नावानं येते. भरतो मी, पण पावती तिच्या हातात द्यावी लागते. बाबा होते तेव्हापासूनच्या सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात तिनं. परवा घरी आली आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं, माझी यंदाची कुठंय? मी म्हटलं, ऑफिसातूनच आली नाही. तर म्हणते, विसरले असतील बिचारे, मी जाऊन विचारते.

निलम : घरी आली म्हणजे? तुम्ही मला सांगितलं होतं, आत्या कायमची भाचीच्या गावी, सरावलीला गेली.

मनिष : भाचीचं बाळंतपण होतं. शिमगा झाल्यावर गेली होती, अडीच महिन्यांसाठी.

निलम : मनिषदादा, त्या अर्जाखाली पाहणी केली म्हणून माझी सही आहे.

मनिष : माहितीय. काय सांगू तुम्हाला. यंदाची नवीन पट्टी बघून डोकंच फिरलं. पुढे मी स्लॅबची खोली काढली, तिची वाढली ते मान्य. पण मागच्या कौलारू खोलीची पण दुप्पट? कंपनीत माझ्या शिफ्टला एक जण आहे, तो म्हणाला, छप्पर नाही ते घर नाही. कौलं उतरव, पाहणी होऊ दे, दुसऱ्या दिवशी चढव, कोण बघायला येतंय? मला ते लय हुशारीचं वाटलं. आत्या यायच्या आत सगळं जागच्या जागी. शितलला म्हटलं, शिडी धर. तिनं धरली नाही. तुझा तू चढ म्हणाली. बायको एवढं बोलली तेव्हाच खाली उतरायला पाहिजे होतं.

निलम : मग परत चढवली का नाहीत?

मनिष : तुम्ही गुरुवारी येणार होता.

निलम : हो.

मनिष : आलात पुढच्या गुरुवारी. मधल्या सोमवारी अवकाळी पडला. मी ड्युटीवर. घरी येईपर्यंत भिंतीची माती वाहून अर्ध्या अंगणात आलेली. नुसत्या काठ्या उभ्या होत्या, त्यापण कलंडल्या. तुम्हाला दोष देत नाही, ताई.

निलम : द्या की. तलासरीला मीटिंग लागली होती हे खरं. पण ती एकाच दिवसाची. शुक्रवारी यायला काही हरकत नव्हती, मी ऊन बघून कंटाळा केला. आणि दुसरंही सांगते, कुणाला बोलले नाही अजून. मी पाहणीला आले तेव्हा त्या खोलीच्या दाराला कुलूप होतं. वर आभाळ, एक भिंत पडलेली, आणि दाराला कुलूप. पडीक घराला कोण कुलूप लावतं, असं आलं होतं माझ्या मनात. तरी मी लिहिलं, वापरात नाही. शिबिरात किती हरकती निकाली निघाल्या ते वर कळवायचं होतं. आणि लोकांची पट्टी कमी होतेय, लोक खूश होऊन जातायत, बरं वाटत होतं मला. म्हणून विचारलं नाही.

मनिष : आत्याला यातलं काही बोलू नका. मी तिला सांगितलंय, कौलं वाऱ्यानं उडाली.

(बायजी दारात चपला काढून आत येते. हातात पावत्यांची पिशवी.)

बायजी : ए पोरी, पंचायतीची बाई तूच ना? मी बायजी. या मनिषची आत्या, झिपरूची बहीण. हा पण इथंच हाय का? कंपनीत जातो म्हणून निघालास ना रे?

मनिष : जाणारच होतो.

निलम : बसा मावशी. पाणी देऊ?

बायजी : पाणी नको. आमच्या सगळ्या पाड्याला पट्टी आली. जो तो तेच बोलतो, वाढली, कमी करा, कमी करा. मलाच नाय आली. या पिशवीत बघ, एक वर्ष चुकलेलं नाय. यंदाच काय झालं? कागदात मेले का काय मी?

निलम : तसं नाही, मावशी. झालं असं की...

मनिष : ताई, मी बोलतो.

बायजी : बोल.

मनिष : आत्या, तुझी खोली यादीतून काढली. छप्पर नाही म्हणून.

बायजी : छप्पर नाय ते मी बघितलं. वाऱ्यानं उडवलं बोललास.

मनिष : हो.

बायजी : कौलं मागं आंब्याखाली आहेत. दहा-दहाच्या थप्प्या, फुटकी वेगळी, आख्खी वेगळी. तुझा बाप अशीच रचायचा. वारा काय कौलं रचून ठेवतो?

मनिष : आत्या...

बायजी : मी आल्या दिवशीच बघितलं. बोलले नाय. म्हटलं, पोऱ्या सांगेल. सकाळी चहा देताना सांगेल, कामावरनं आल्यावर सांगेल. तीन दिवस तुझ्या स्लॅबखाली पाहुणीसारखी बसून राहिले. शितल बिचारी माझ्याकडं बघत नाय, तू माझ्याकडं बघत नाय.

मनिष : मी उतरवली. पट्टी कमी व्हावी म्हणून. या ताईंना पण खोटंच सांगितलं, तू कायमची गेलीस म्हणून. एकच दिवस ठेवायची होती, आई शपथ. मग पाऊस आला. रोज ठरवत होतो तुला फोन करून सांगायचं. फोन लावायचो आणि बाळ कसंय एवढंच विचारून ठेवायचो. लाज वाटते मला, आत्या. तुझ्या खोलीची माती अंगणातून मीच फावड्यानं बाजूला केली.

बायजी : ती माती कुठनं आणलेली, माहीत आहे तुला?

मनिष : नाही.

बायजी : नदीच्या काठावरनं, डोक्यावर. नवरा गेला आन मी परत माहेरी आले, तवा झिपरूनं आन मी ती खोली बांधली. तो कूड बांधायचा, मी माती तुडवायची. मग इथं नाव लावायला आलो. तवाचे ग्रामसेवक बोलले, घर तुझं, राहणारी म्हणून बहिणीचं नाव कशाला? झिपरू बोलला, माती तिनं तुडवली, नाव माझं एकट्याचं कसं लावू? रेशनकार्डावर मी आधी बापाच्या खाली, मग नवऱ्याच्या खाली, आता तुझ्या खाली. ही एक पावती आहे, तिच्यावर माझंच नाव पहिलं येतं. मला वाचता नाय येत, पण कुठं लिवलेलं असतं ते ठावं आहे.

निलम : मावशी, चूक माझीही आहे. मी सांगितल्या दिवशी आले नाही. आणि आले तेव्हा तुमचं कुलूप बघूनही गप्प बसले.

बायजी : बघितलं व्हतंस?

निलम : हो.

बायजी : बरं. तू सांगितलंस तरी, न विचारता.

निलम : नाव परत लागेल. नवीन अर्ज करू, तुमच्याच नावानं. पण आधी कशामुळे काढलं, ते कारण लिहावं लागतं. सभेत वाचून दाखवतात.

मनिष : लिहा, मनिषनं खोटी माहिती दिली. वाचू दे सगळ्यांसमोर.

बायजी : लिव. केलं ते लिव. पण खाली हे पण लिव, त्यानंच परत बांधून दिली.

निलम : ती अजून कुठं बांधलीय, मावशी?

बायजी : बांधेल. पावसाला पंधरा दिवस आहेत. कंपनीला सुट्टी टाकेल आन कूड बांधेल. माती मी तुडवीन, पाय आहेत अजून.

मनिष : आत्या, विटांची बांधतो ना. पक्की करतो, परत पडायला नको.

बायजी : मला कुडाचीच पाहिजे. उन्हाळ्यात तुझ्या स्लॅबखाली माणूस भाजून निघतो.

निलम : एक मिनिट, मावशी. कुडाची म्हणजे, पूर्वीही सगळ्या भिंती कुडाच्याच होत्या? वीट कुठेच नव्हती?

बायजी : वीट कुठली? कारवी, वर शेणमाती.

निलम : यादीतून काढायच्या आधीची यंदाची नोंद उघडते कॉम्प्युटरवर, थांबा. एकशे बारा, मनिष झिपरू, विटा-सिमेंट, स्लॅब. बरोबर. त्याच्या खालीच एकशे बारा-अ, बायजी. विटा-सिमेंट, स्लॅब.

मनिष : म्हणजे?

निलम : म्हणजे वरची ओळ मी तशीच खाली ओढली. नवीन आकारणी भरताना एकेका घराच्या दोन-दोन ओळी होत्या, दिवसाला शंभर घरं टाकायची होती. तुमच्या पक्क्या खोलीचा दर आत्यांच्या मातीच्या खोलीला लागला. म्हणून दुप्पट आली. कुडाचं घर म्हणून हरकत घेतली असती तर पट्टी आपोआप उतरली असती, जवळजवळ पहिल्याएवढी. शिबिर त्यासाठीच होतं. तुम्ही अर्ज घेऊन बसलात तेव्हा मी एवढंच विचारायचं होतं, भिंत कशाची आहे? ते विचारलंच नाही.

मनिष : मग कौलं उतरवायची गरजच नव्हती.

निलम : नव्हती.

मनिष : आणि मी स्वतःला हुशार समजत होतो.

बायजी : आता दोघं बी माना खाली घालून बसू नका. पोरी, तू अर्ज लिव. मी अंगठा देते.

निलम : लिहिते. भोगवटादार, बायजी. भिंत कुडाची, छप्पर कौलारू. पट्टी कमी लागेल, मावशी, मी आता नीट बघून लावते.

बायजी : जेवढी माझी होते तेवढी लाव. कमी नको, जास्त नको. पण लाव.

निलम : लावते. आणि पाहणीला येईन. कधी येऊ?

बायजी : कौलं चढली की हा सांगायला येईल. तू दिवस सांगशील त्या दिवशी ये म्हणजे झालं.

निलम : त्याच दिवशी येईन. या वेळी आत येऊन बघेन. तुम्ही शेतावर-बितावर असाल तर चावी मनिषदादांकडे ठेवा.

बायजी : चावी त्याच्याकडं कधीच नव्हती. म्हणून तर बिचारा वरनं आत शिरला. दारातनं जायचं असतं तर मला विचारावं लागलं असतं.

मनिष : आत्या, चल ना. गाडीवर बस, घरी जाऊ. आजच सुट्टी टाकतो.

बायजी : बसते. जरा धर ही पिशवी, मला अंगठा देऊ दे. आन चावी ही बघ, कमरेला. सरावलीला रोज निजताना हात लावून बघायची, आपली खोली आहे म्हणून.