खुशबूच्या टेबलावर एक शिंगाडा

...अन् तुमाले सांगतो, ताट एवढं मोठं का पोळ्याचा बैल बसला असता त्यात, अन् मधोमध का? शिंगाडा! एकच! वरून हिरवं पान, जसा कोनी पूजा करून उठून गेला! मले सांगा, याले जेवण म्हणतेत काय?

हसू नका! मी का हौशेनं गेलो होतो? आमची यशोदा, माही बायको, तिचं पोटाचं ऑपरेशन झालं अन् तवापासून बाईनं अन्नावरून मनच काढून घेतलं. मटण केलं, तोंड फिरवलं. सालेकशाहून तिचा भाऊ मासोळी घेऊन आला, तिनं वासच घेतला. डॉक्टर म्हणते, "खाऊ घाला, नाहीतर पुन्हा भरती करा लागन." मी ताट भरभरून पुढं करतो, अन् ती वरणाचं बोट चाटून म्हणते, "अवो, ठेवून द्या, मंग खाईन." तो 'मंग' काही येऊनच नाही राहिला जी! बांगड्या कोपरापर्यंत सरकून राहिल्या... मी भेलो. अन् भेलो का मी ओरडतो, तसा ओरडलो.

मंग पोरगी दिव्या म्हणते, "बाबा, गल्लीतच खुशबूनं हाटेल सुरू केलं, आईले घेऊन चला." खुशबू म्हणजे आमच्या शेजारच्या मुन्नालालची पोरगी, पुण्याच्या मोठ्या हाटेलात शिकून आली अन् बापाच्या घरातल्या समोरच्या खोलीत एक टेबल मांडलं. एकच! अनोळखी लोकं खांद्याले खांदा लावून बसलेले. म्हटलं, बेटा, मेनूकार्ड दे. म्हणते, "काका, यहाँ मेनू नहीं रहता. जो मैं दूँगी, वही खाना है." अरे बाप्पा! हे तर घरी बी असंच होते, मंग कपडे इस्त्री कायले केले?

तो शिंगाडा तोंडात टाकला... गेला! कुठी गेला, पोटाले पत्ता नाही! मंग मोहफुलाचं कायतरी आलं, चमच्याच्या टोकावर. अन् खुशबू उभी राहून सांगून राहिली, "आंटी, ये महुआ धूप में सुखाया, फिर गुड़ में धीरे-धीरे..." मी मनात म्हणतो, पोरी, एवढ्या वेळात भाकर शेकून झाली असती! मले सांगा, याले जेवण म्हणतेत काय?

मी उठणारच होतो, तेवढ्यात दिव्यानं माह्या पायावर पाय दिला. "बाबा, आईकडे पाहा."

पाहतो तर यशोदेची ताटली रिकामी! चमचा उलटा करून चाटून राहिली! पुढं भात आला, वाटीच्या बुडाले लागला तेवढा. खाल्ला. मासोळीचा तुकडा आला. खाल्ला! माहा घास हातातच, श्वास बी हातातच. "अजून घे न," म्हणणार, तर दिव्यानं पुन्हा पाय दाबला. यशोदा आपल्या तंद्रीत म्हणते, "अवो, तुमी डोंगर वाढता. पाहूनच पोटात गोळा येते. हे कसं... संपते."

संपते! अन् मी इतके दिवस डोंगरावर अजून एक पोळी ठेवून राहिलो होतो! माह्या डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, तिखट लागलं. खुशबू म्हणते, "काका, इसमें तो मिर्ची ही नहीं है!" सगळं टेबल माह्याकडे पाहून राहिलं! आता मले सांगा, याले जेवण म्हणतेत काय?

तवापासून घरी चहाच्या बशीत वाढून राहिलो. बशी संपते, मंग दुसरी मागते. अंगावर मांस चढलं, आवाज चढला, परवा सैपाकघर पुन्हा ताब्यात घेतलं. अन् ताब्यात घेतल्यावर पहिलं काम का केलं? माह्या बी पुढं बशीच ठेवली! म्हटलं, "हे काऊन?" तर कमरेवर हात ठेवून अशी ओरडली का गल्लीनं ऐकलं, "डॉक्टरनं तुमाले शुगर सांगितली न? मंग!"

म्हटलं, वाढ बाई... बशीत तर बशीत.