आंबूस वासाचा हत्ती

बसथांब्यावर माझ्या शेजारी एक आजोबा मांडीवर खोकं घेऊन बसले होते. मागून त्यांची सून धापा टाकत आली.

“बाबा, कुठे निघालात?”

“भंगारवाल्याकडे. पोटुशी बाई तू, धावतेस काय? टेक आधी.”

“खेळण्यांना वास येतो म्हटलं मी. टाकून द्या कुठे म्हटलं?”

“उलट्या तुला होतात, सूनबाई. जुनं प्लॅस्टिक हे. धुतलं, वाऱ्यावर ठेवलं, सोडा लावला. ऐकतच नाही. आपल्याच घराण्यातलं.”

“द्या इकडे. एकेक हुंगते.”

“अगं, इथेच मळमळेल.”

“देवानं सध्या कुत्र्याचं नाक दिलंय, वापरू द्या की. घोडा बरा आहे. जिराफही. अगंबाई, हा हत्ती! आंबूस वास सगळा याचाच.”

“तुझ्या नवऱ्याचं पहिलं खेळणं ते. दात येताना हाच चावायचा.”

“तरीच दोघांची कातडी जाड. बाबा, हा एकटाच विटलाय. बंद खोक्यात याचा वास बाकीच्यांना लागला. याला वेगळा ठेवू, गॅलरीत, मोकळ्या हवेत.”

“एकट्याला?”

“एकटा कसा? रोज सकाळी तुम्ही तिथेच बसता की.”