अमावस्येचे खेकडे आणि मामाची रजा

खेकड्यानं ताकद येते म्हणतोस? मग आमच्या मामाचं ऐक. त्रेपन्न-चौपन्न साल, बोरीवली. मामाचा टायफॉइड उतरला, पण मामा काही गिरणीत जाईना.

आमचे गुजराती डॉक्टर म्हणाले, "खेकड्याचं सार घ्या. पचायला हलकं, अंगात ताकद भरते. आठवड्यात कामावर जाल."

मामा म्हणाला, "डॉक्टर, आज पौर्णिमा. आत्ता खेकडे पोकळ असतात. भरतात ते अमावस्येला."

डॉक्टर पक्के शाकाहारी. त्यांनी मुकाट्यानं अमावस्येपर्यंत रजेचा दाखला लिहून दिला.

अमावस्येला मामानं खेकडे चापून खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी परत दवाखान्यात हजर. "एका दिवसात कसली ताकद येणार? आजपासून श्रावण, महिनाभर खेकडा बंद. रजा वाढवा."

डॉक्टर म्हणाले, "मी जन्मात खेकडा खाल्ला नाही. तरी रोज दवाखाना उघडतो ना?"