गप्प बसवलेला एरर

—नाही, आत नको, इथेच बोलू. टोकियोच्या या तोयोसुत उन्हातला बाक रिकामा मिळतोय तोवर बसून घ्यावं. काय आणलंस, ओनिगिरी? ती अशी ओरबाडू नकोस, वेष्टनावर एक-दोन-तीन लिहिलंय, त्याच क्रमाने ओढायचं, या देशात भाताच्या गोळ्यालाही पद्धत आहे. हं. तर तुझा रिपोर्ट वाचला मी. चांगला आहे. पुण्याहून येऊन दोन महिने नाही झाले, आणि इथे तीन वर्षं कोणाला दिसली नाही ती गोष्ट तू शोधलीस — मी कोणापुढेही सांगेन हे. फक्त एक नाव बदलायचं. चूक कोणाची, या रकान्यात कुरिहारा-सान लिहिलंयस ना, तिथे माझं लिही, वृंदा. बाकी एक अक्षर हलवू नकोस. खा, थांबलास का?

असं बघू नकोस माझ्याकडे, मला डोकं आहे अजून. तुझं म्हणणं मीच सांगते, चुकलं तर टोक. मियागीच्या किनाऱ्यावर ज्या गावांवरून त्सुनामीत समुद्र फिरला, तिथे आता टेकडीवर नवी घरं झालीत, माणसं राहायला आलीत. त्यांना लेकीसुनांनी पाठवलेली पार्सलं आपल्या क्लायंटच्या गोदामात पडून आहेत, कारण ते नवे पत्ते सर्व्हरला माहीत नाहीत. बरं, माहीत नाहीत तर सर्व्हरने बोंब मारायला हवी — लॉगमध्ये एरर यायला हवा, त्याखाली स्टॅक ट्रेस. काही नाही. अवाक्षर नाही. का, तर एवढ्याच गावांसाठी कोणीतरी सांगून ठेवलंय की पत्ता सापडला नाही तर पार्सल बाजूला ठेव आणि मूग गिळून बस. तू टेस्ट सर्व्हरवर कोडचा तो तुकडा काढलास आणि भसाभस ट्रेस बाहेर आले. बरोबर? बरोबर. आणि तो तुकडा लिहिला क्लायंटच्या कुरिहारा-सानांनी. तेही बरोबर. मी कुठे नाही म्हणते?

माझ्या आईने एकदा फोनवर विचारलं, अगं, स्टॅक ट्रेस म्हणजे काय, तुझ्या तोंडी सारखं असतं. मी म्हटलं, दूध उतू गेलं. का गेलं, तर वहिनीची सुनेत्रा गॅसपाशी नव्हती. तिला दुधाकडे बघ म्हणून कोणी सांगितलं, तर वहिनीने. वहिनीला कोणी, तर तू. दुधापासून तुझ्यापर्यंत ही जी सगळी नावं ओळीने लागतात ना, तो ट्रेस. आईला लगेच कळलं. म्हणाली, म्हणजे शेवटी माझ्यावरच येणार. तेच सांगतेय तुला. ट्रेस खोटं बोलत नाही, पण तो दुधापुरतं बोलतो. सुनेत्रा गॅसपाशी का नव्हती, ते त्यात येत नाही.

तू तेव्हा कॉलेजात असशील. भूकंपानंतर आठवड्याभरात आपली निम्मी टीम मुंबईला. मी नाही गेले. का ते सोड. सोड म्हटलं ना — बरं, माझा नवरा, उल्हास, म्हणाला सगळेच जाऊ, मी म्हटलं सगळेच राहू, शेवटी तो एकटा गेला. आणि गेला तो गेलाच. मग रोज फोन करून टीव्हीवर जपानचं काय दाखवतायत ते मला सांगायचा. मला, जपानात. ते जाऊ दे. उरायासुला आमच्या घरापाशी भूकंपाने रस्त्यातून वाळू वर आलेली, नळ कोरडे, पदरात अद्वय पाच वर्षांचा, आणि कुरिहारा-सान रोज येताना पाण्याचे दोन कॅन आणायचे, माझ्या टेबलाखाली ठेवायचे आणि कामाला बसायचे. पण मी त्यासाठी करत नाहीये हे, उगाच उपकार फेडण्याची गोष्ट करू नकोस त्याची. पाणी वेगळं, हे वेगळं.

हे म्हणजे — इथली रीत तुला कळलीये ना एव्हाना? लॉगमध्ये एरर आला की प्रत्येकाचं कारण माणसाने बसून लिहायचं. एकही सोडायचा नाही. त्या गावांमधली वाटपाची केंद्रंच वाहून गेलेली, म्हणून गावं यादीतून काढली होती. पण पार्सलं येतच होती. आधी निघालेली, नंतर कोणी आशेने पाठवलेली. प्रत्येकामागे एक एरर, वर माणसाचं नाव, पत्ता, खाली हा लांबलचक ट्रेस. कुरिहारा-सान नाव वाचायचे, पुटपुटत, आणि कारण लिहायचे, असा पत्ता अस्तित्वात नाही. पुढचं नाव. असा पत्ता अस्तित्वात नाही. त्यातलं एक गाव त्यांचं, शशांक. निम्मी नावं ओळखीची. मी म्हटलं, मी भरते. म्हणाले, तुम्हाला माणसांच्या नावांची कांजी अक्षरं वाचता येणार नाहीत. खरंच होतं, मला आजही धड येत नाही. मग एका सकाळी त्यांच्या आईचं नाव आलं. पार्सल त्यांनीच पाठवलेलं, भूकंपाच्या आदल्या दिवशी. लोकरीचे मोजे. आई तेव्हा सापडल्या नव्हत्या, अजूनही नाहीत. ते कारणाच्या रकान्यात कर्सर ठेवून बसून राहिले. मी शेजारी बसलेली, मला कुठे बघावं कळेना. मग त्यांनी तो तुकडा लिहिला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली, कारण तपासणी माझ्याकडे होती. तपासणाऱ्याने विचारायचं असतं, हे कशासाठी. मी विचारलं नाही. मंजूर केलं. आज समोर आलं तरी मंजूर करीन. म्हणून म्हणते, माझं नाव लिहिलंस तर खोटं काही नाही त्यात.

या महिनाअखेर निवृत्त होतायत ते. तुझा रिपोर्ट वर गेला की साहेबलोकांपुढे उभं करतील, कमरेत वाकून माफी मागायची, आणि त्याआधी सांगायचं की हे का लिहिलंत. ते सांगतील? मलाही कधी सांगितलं नाही त्यांनी, मी आपली शेजारी होते म्हणून मला माहीत. माझं काय होईल? माझं काय व्हायचंय. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतं. आपल्या मॅनेजरने बजावलंय, आणखी एक प्रकरण नावावर आलं तर वाढवून मिळणार नाही. म्हणजे गाशा गुंडाळा. अद्वयला मी मराठीत जेव म्हणते, तो जपानीत नको म्हणतो, त्याला तिकडे कुठल्या वर्गात घेतील देव जाणे. भीती वाटते मला, वाटते ते कशाला लपवू. झोप नाही रात्रभर. पण त्या माणसाला त्या खोलीत उभं केलेलं मला बघवणार नाही. तेव्हा आता वर गेल्यावर आधी ते नाव बदल, मग पुढचं काम.

मान काय हलवतोयस? बदल म्हणजे बदल — काय? कोणाला दाखवलंस? कुरिहारा-सानांना? सकाळी? मला न विचारता? कोणी सांगितला होता हा शहाणपणा तुला? थांब. थांब, नीट सांग. रिपोर्ट दाखवलास की ट्रेस? सगळे ट्रेस. नावांसकट. अरे देवा. आणि त्यांनी वाचले? पुटपुटत. हो, तसंच वाचतात ते. मग? चूक कोणाची, त्याबद्दल काय म्हणाले? नाव बरोबर आहे, तसंच राहू दे. एवढंच? मग इतका वेळ काय बोलत होतात तुम्ही?

काय विचारलं?

ही सगळी माणसं परत राहायला आलीत का. असं विचारलं त्यांनी. आणि तू हो म्हणालास. मग सगळी नावं परत पहिल्यापासून वाचली. हसले? कुरिहारा-सान? कोणाच्या तरी नावावर थांबून हसले.

आणि छापून मागितली, घरी न्यायला. मोठ्या अक्षरांत.

दिलीस का मग? माझी परवानगी घ्यायला थांबलास. जा. ऊठ, जा, तो भात हातात घेऊन जा, आत्ताच्या आत्ता छापून दे त्यांना. नाही, मी नाही येत. मला बसू दे जरा इथे. जा म्हटलं ना.