सुमनवहिनींचा पदर

साडी जपायच्या गोष्टी तुम्ही मला सांगू नका, मी मांडवीच्या सुमनवहिनींना पाहिलंय. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट, आणि वहिनी महिला मंडळाच्या प्रभातफेरीसाठी कापडी फलकावर मशीनने अशोकचक्र भरत होत्या. अंगावर नवीकोरी साडी, यजमानांनी कालच मुंबईहून आणलेली.

शेवटची आरी भरून झाली. "झालं गो बाय," म्हणत वहिनी उठल्या, तर फलकही त्यांच्याबरोबर उठला. घाईत पदर खोचायचा राहिला होता. तो भरतकामाच्या रिंगखाली सरकला आणि चक्राबरोबर शिवला गेला.

मी शेजारीच होते. म्हटलं, "वहिनी, उसवूया. चक्र काय, परत भरता येईल."

"उसव, उसव. साडी सांभाळ," दारातून यजमानही म्हणाले.

वहिनींनी फलक पालथा केला, कात्री घेतली आणि चक्राच्या कडेकडेने पदर कापून टाकला. पदराला ताटलीएवढं भोक. यजमान उंबऱ्यावरच मटकन बसले.

"अगो, मी आणलेली साडी ती," ते कसेबसे म्हणाले.

वहिनी फलकाची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो, साडी तुम्ही आणलीत. चक्र मी भरलंय."