उपासनेत घेतलेले नाव

गाठीच्या तपासणीचा निकाल ऐकण्यास कोणास न सांगता दवाखान्यात आलेल्या थोरल्या जावेशेजारी धाकटी येऊन टेकली, तेव्हा थोरलीच्या मनात संशयाची पाल चुकचुकली.

“इथे कशी उगवलीस?”

“तुमच्या मागोमाग, ताई.”

“रविवारी चर्चच्या उपासनेत माझ्यासाठी प्रार्थना तूच मागितलीस ना? काय काय सांगितलंस मंडळीला?”

“फक्त तुमचं नाव.”

“खोटं! माझे कागद चाळलेस तू.”

“कसले कागद?”

“मग कळलं कसं?”

“गीत गाताना तुमचे ओठ नुसते हलत होते. वीस वर्षं तुमच्या शेजारी उभी राहून गाते मी. आवाज गेलेला कळणार नाही?”

थोरलीचे नाव पुकारले गेले. ती उठली, पण दारापाशी थबकून धाकटीकडे वळली.

“चल आत. डॉक्टरांसमोर मोठ्यांदा प्रार्थना मात्र नको.”

“मनातल्या मनात?”

“कर. पण माझा हात धरून कर.”